जनुकं तीच, जगणं वेगळं: एपिजेनेटिक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्र शिकवताना आणि शाळा-कॉलेजांतल्या व्याख्यानांनंतर मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींसाठी जरा बैठक मारावी लागते.

एपिजेनेटिक्स म्हणजे नेमकं काय?

आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. पेशीचं केंद्रक तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. मग तो मावतो कसा? घडी घालून. कपाटातली पैठणी आठवा. पदरावर मोर विणलेले आहेतच, पण घडीच्या आत असले की ते दिसत नाहीत. डीएनएचंही तसंच आहे. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचं एक रीळ असतं आणि त्याच्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ अक्षरांचा, म्हणजे त्याच्या साखळीतल्या रासायनिक घटकांचा, वेढा बसतो. वेढा घट्ट असेल तर तिथलं जनुक पेशीला वाचता येत नाही, सैल झाला की वाचता येतं. हा वेढा कुठे आवळायचा नि कुठे सोडायचा, हे हिस्टोनांवर चिकटणाऱ्या रासायनिक खुणांवरून ठरतं. दुसरी खूण थेट डीएनएवर बसते. 'सी' या अक्षराला मिथाइलचा गट चिकटतो. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच त्याचा पसारा, पण बहुतेक वेळा तो जनुकाला गप्प करतो.

विणकाम बदलत नाही, घडी बदलते. घडी कशी पडते, ती कशी टिकते आणि कशाने उलगडते, याचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत तीच सुमारे वीस हजार जनुकं असतात. तरी यकृत यकृतच राहतं, त्याचा डोळा होत नाही, ते या खुणांमुळे.

बाहेरचं वातावरण पेशीच्या आत पोहोचतं तरी कसं?

सगळ्यात सरळ वाट अन्नाची. मिथाइलचा गट आभाळातून पडत नाही. फोलेट, बी-१२, कोलिन, बीटेन या अन्नातून मिळणाऱ्या घटकांच्या साखळीतून तो तयार होतो. अमेरिकेत २००३ साली वॉटरलँड आणि जर्टल या दोघांनी अगुटी नावाच्या उंदरांवर केलेला प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. या उंदरांमध्ये एक जनुक सताड उघडं राहिलं की पिल्लू पिवळं आणि लठ्ठ होतं. तेच जनुक मिथाइलने बंद झालं की पिल्लू तपकिरी आणि सडपातळ. गाभण मादीला वर सांगितलेले घटक जादा दिले, तेव्हा तपकिरी पिल्लांचं प्रमाण वाढलं. पिल्लांच्या जनुकांत काहीही फरक नव्हता.

दुसऱ्या वाटा तापमानाच्या, संप्रेरकांच्या, ताणाच्या, स्पर्शाच्या. पुढच्या उत्तरांत त्या एकेक येतीलच.

मधमाशीचं उदाहरण सगळे देतात. त्यात एवढं विशेष काय?

विशेष हे की तिथे सगळं डोळ्यांना दिसतं. पोळ्यात कामकरी माशांची घरं षटकोनी आणि आडवी असतात. राणीचं घर मात्र भुईमुगाच्या शेंगेसारखं खाली लोंबतं. दोन्हीकडे अंडी सारखीच. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना राजान्न, म्हणजे रॉयल जेली मिळते. त्यानंतर कामकरी होणाऱ्या अळीला मध-परागाचं मिश्रण दिलं जातं आणि राणी होणारी अळी शेवटपर्यंत राजान्नावर वाढते. राणी १६ दिवसांत बाहेर पडते, कामकरी माशी २१ दिवसांत. हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते, राणी काही वर्षं. बहिणी-बहिणी, पण एकीला अंडाशय भरलेला आणि दुसरीला पायांवर परागाच्या टोपल्या.

ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली मिथाइल चिकटवणारं एक एन्झाइम अळ्यांमध्ये दाबून टाकलं, तेव्हा त्यांतल्या बहुतेक राण्या म्हणून वाढल्या. म्हणजे कामकरी माशी 'घडवण्यासाठी' काही जनुकांवर मिथाइलचा शिक्का बसावा लागतो. पोळ्याची गरज, तिथून अन्न, अन्नातून खूण आणि खुणेतून शरीर, अशी अखंड साखळी इतकी स्वच्छ फार थोड्या प्राण्यांत दिसते.

टोळधाड हेही एपिजेनेटिक्सच का?

व्यापक अर्थाने हो. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत वाळवंटी टोळ उतरले, तेव्हा थाळ्या वाजवून त्यांना हुसकावणारे शेतकरी आपण पाहिले. हाच टोळ एकटा असतो तेव्हा लाजाळू असतो. रंगाने परिसरात मिसळणारा, रात्री उडणारा, दुसऱ्या टोळापासून लांब राहणारा. दोन्ही रूपं इतकी वेगळी की टोळांच्या या दोन अवस्था स्वतंत्र प्रजाती समजल्या जात. बोरिस उवारोव यांनी १९२१ साली स्थलांतरी टोळाबाबत तो समज मोडून काढला.

बदल सुरू कशाने होतो? पाऊस पडतो, हिरवळ वाढते, टोळ वाढतात. मग हिरवळ आटते आणि उरलेल्या तुकड्यावर सगळे दाटीवाटीने जमतात. मागच्या पायांना सतत इतरांचा धक्का लागतो. प्रयोगशाळेत एकट्या टोळाच्या मागच्या मांडीवर ब्रशने हलकेच गोंजारत राहिलं, तर काही तासांत त्याचं वागणं बदलतं आणि तो गर्दीकडे ओढला जातो. त्या वेळी त्याच्या मज्जासंस्थेत सेरोटोनिन हे निरोप पोहोचवणारं रसायन वाढतं, हे २००९ साली दाखवलं गेलं. वागणं तासांत बदलतं, रंग आणि शरीराची ठेवण मात्र पुढच्या वाढीत, पिढ्यांत पक्की होते. गर्दीतल्या मादीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडतात तीच गर्दीकडे कल घेऊन. जनुकं दोन्ही रूपांत तीच. मिथाइल आणि लहान आरएनए (डीएनएचे जवळचे नातेवाईक असलेले, जनुकांना आवर घालू शकणारे छोटे रेणू) यांचा त्यात किती वाटा, यावर अजून काम चालू आहे. म्हणून मी 'व्यापक अर्थाने' म्हटलं.

झाडांना तर पळताही येत नाही. ती काय करतात?

पळता येत नाही म्हणूनच त्यांच्यात हे तंत्र सर्वांत तयारीचं आहे. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण थंडीच्या आठवणीचं. अरेबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक इवलंसं रोप आहे. त्यात एफएलसी नावाचं जनुक फुलोरा रोखून धरतं. थंड देशात हिवाळ्याच्या तोंडावर फूल आलं तर बी धरणारच नाही, म्हणून हा पहारा. आठवड्यांमागून आठवडे थंडी पडली की हिस्टोनांवर विशिष्ट खुणा बसून ते जनुक बंद होतं. गंमत पुढे आहे. वसंतात ऊब आली तरी ते बंदच राहतं. थंडी संपली, पण झाडाला ती आठवते.

किती थंडी पडली याचा हिशेब झाड कसं ठेवतं? इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे कॅरोलिन डीन आणि मार्टिन हॉवर्ड यांनी २०११ साली दाखवलं की एकेका पेशीत हे जनुक एक तर पूर्ण चालू असतं किंवा पूर्ण बंद. थंडी जितकी लांबते, तितक्या जास्त पेशींत ते बंद होत जातं. दिवसांची मोजदाद झाड बंद झालेल्या पेशींच्या संख्येत ठेवतं. आणि बी तयार होताना ही पाटी पुसली जाते, म्हणजे पुढच्या रोपाला त्याचा हिवाळा नव्याने मोजावा लागतो. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. आईचा हिवाळा लेकीच्या कामाचा नसतो.

आपल्याकडचे कांदा-उत्पादक यावर लगेच म्हणतात, "मग आमचे डेंगळे?" बरोबर आहे. रोप पुरेसं जून झालेलं असताना थंडी लांबली की कांद्याला वाटतं हिवाळा पार पडला, आता बी धरायची वेळ. मग पातीच्या मधून पोकळ दांडा वर येतो, गड्ड्यात कडक गाभा बनतो आणि तो कांदा चाळीत टिकत नाही. रोप अगदी लहान असेल तर तीच थंडी त्याला फुलोऱ्यात नेत नाही, म्हणून लागवडीची वेळ चुकवायची नसते. मात्र कांद्यातली जनुकं अरेबिडॉप्सिसचीच हुबेहूब नक्कल आहेत असं समजू नये. थंडीतून फुलोऱ्याकडे जाण्याची वाट प्रत्येक कुळाने आपापली काढली आहे.

हे बदल मुला-नातवंडांपर्यंत जातात का?

इथे सावकाश जाऊ, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

मुलीचं शरीर आईच्या पोटात तयार होतं, तेव्हाच तिच्या अंडाशयातल्या अंडपेशीही तयार होतात. म्हणजे माझी आजी माझ्या आईच्या वेळी गरोदर होती, तेव्हा मी जिच्यापासून झाले ती अंडपेशी आजीच्याच पोटात होती. तिने त्या दिवसांत उपास काढले असतील, तर ते तिघींनी एकाच वेळी सोसले. म्हणून नातीत परिणाम दिसला म्हणजे तो 'वारशाने आला' असं म्हणता येत नाही, नातीवर तो थेटच झाला असू शकतो. आईकडून खरा वारसा सिद्ध करायचा तर त्यापुढची, म्हणजे पणतीची पिढी तपासावी लागते. माणसांत असा पुरावा फारच तुटपुंजा आहे. शिवाय सस्तन प्राण्यांत ही पाटी दोनदा पुसली जाते, एकदा गर्भधारणेनंतर लगेच आणि पुन्हा गर्भात बीजपेशी तयार होताना. काही खुणा निसटतात, पण थोड्या.

झाडांचं तसं नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७४४ साली लिनारियाच्या एका झाडाचं वर्णन केलं. त्याला नेहमीच्या दोन ओठांच्या फुलाऐवजी पाच बाजूंनी सारखं फूल होतं. त्याला ते इतकं अजब वाटलं की नाव दिलं 'पेलोरिया', म्हणजे ग्रीकमध्ये राक्षस. १९९९ साली कळलं की त्या फुलाच्या जनुकाची अक्षरं जशीच्या तशी आहेत, फक्त त्यावर मिथाइलची दाट झूल पडली आहे, आणि ती बियांतून पुढेही जाते. गोलकृमींमध्ये लहान आरएनएच्या रूपाने काही खुणा अनेक पिढ्या टिकतात. डाफ्निया या पाणपिसवेची कथा वेगळी. पाण्यात भक्षकाचा वास आला की ती डोक्यावर टोकदार शिरस्त्राण वाढवते, आणि तिची पिल्लं भक्षक नसलेल्या पाण्यातही मोठं शिरस्त्राण घेऊन जन्मतात. तिथे आईने पुढच्या पिढीला इशारा दिलेला असतो.

म्हणजे लामार्क बरोबर होता?

नाही. प्राण्याने आयुष्यात कमावलेले गुण पिल्लांत उतरतात, असं लामार्क हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ म्हणत असे. पण जिराफ मान ताणतो म्हणून पिल्लाची मान लांब, असं यातून निघत नाही. बहुतेक खुणा पुसल्या जातात आणि ज्या टिकतात त्या दरवेळी उपयोगाच्याच असतात असंही नाही. या प्रश्नात सोव्हिएत रशियातला एक दुखरा धडा आहे. ट्रोफिम लिसेंकोने गव्हाच्या बियाण्याला थंडी देण्याच्या तंत्रावरून असा दावा केला की असे संस्कार वारशाने उतरतात. सत्तेने तो उचलून धरला, आनुवंशशास्त्र दडपलं आणि निकोलाय वाविलोवसारखा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात मेला. थंडीची आठवण झाड ठेवतं हे खरं, पण बियाण्यात ती पुसली जाते हेही खरं. दुसरं वाक्य गाळलं की केवढी हानी होते ते तिथे दिसलं.

मग उत्क्रांतीत याला काही स्थान आहे की नाही?

आहे. एपिजेनेटिक्स हा शब्द ज्याने १९४२ साली रूढ केला त्या कॉनरॅड वॉडिंग्टनचाच प्रयोग पाहा. त्याने फळमाशीच्या कोशांना ४० अंशांचा उष्णतेचा झटका दिला. काही माश्यांच्या पंखांतली आडवी शीर नाहीशी झाली. त्यांचीच पैदास करत, दर पिढीला झटका देत तो गेला. काही पिढ्यांनी झटका न देताही बिनशिरेच्या माश्या जन्मू लागल्या. हा लामार्क नव्हे. कळपात दडलेले जनुकीय फरक उष्णतेने उघडे पडले आणि निवडीने ते एकत्र आले. परिसराने आधी रूप बदलायचं आणि जनुकांनी मागून येऊन ते पक्कं करायचं, असा हा क्रम आहे.

दुसरं उदाहरण ब्राझीलच्या कांदळवनांतलं. तिथे एकाच जातीची झाडं खाऱ्या दलदलीत खुरटी आणि नदीकाठी उंच वाढतात. २०१० च्या अभ्यासात दोन्हींच्या डीएनएत फरक नगण्य निघाला, मिथाइलच्या मांडणीत मात्र मोठा. खुरटेपणा मिथाइलमुळेच आला हे यातून सिद्ध होत नाही. पण ज्या समूहात जनुकीय वैविध्य कमी आहे, त्याला परिसराशी जुळवून घ्यायला ही आणखी एक वाट असू शकते, एवढं नक्की सुचतं.

उपासमारीचा परिणाम पोटातल्या बाळावर राहतो, हे खरं का?

खरं. नेदरलँड्सच्या पश्चिम भागात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी रसद तोडली आणि माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्याआधी आणि त्यानंतर तिथे खायला होतं, त्यामुळे कोणतं बाळ पोटात कितव्या महिन्यात उपाशी होतं हे तारखांवरून काढता येतं. त्या काळात गर्भ राहिलेल्यांची साठेक वर्षांनी तपासणी झाली. वाढीशी निगडित आयजीएफ-२ या जनुकावर त्यांच्यात त्यांच्याच भावंडांपेक्षा मिथाइल कमी होतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्यांनी उपासमार सोसली, त्यांचं जन्मवजन कमी होतं, पण आयजीएफ-२ वर ही खूण नव्हती. सुरुवातीचे आठवडे इतके नाजूक असतात.

या गर्भांतल्या अनेकांना मोठेपणी साखर पेलेना. याउलट त्याच महायुद्धात जर्मन फौजांनी रशियातल्या लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्यात पोटात असलेल्यांमध्ये तसा फरक आढळला नाही. याची एक उपपत्ती मला पटते. गर्भ आईच्या ताटावरून बाहेरच्या जगाचा अंदाज बांधतो. लेनिनग्राडमध्ये जन्मानंतरही टंचाईच होती, अंदाज बरोबर ठरला. नेदरलँड्समध्ये मात्र जन्मल्यावर ताट भरलेलं निघालं.

आपल्याकडे असा अभ्यास झाला आहे का?

झाला आहे, आणि जगभर त्याचा आदराने उल्लेख होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गरोदरपणाच्या आधीपासून मागोवा घेतला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. बाळ किरकोळ, हातपाय बारीक, पोटाचा घेर लहान. पण खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरून मोजली तर तिथली चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. सडपातळ दिसणारं, पण चरबी राखून असलेलं बाळ.

याच मुलांत पुढे दिसलं की गरोदरपणी आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलाचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होण्याकडे झुकतं. बी-१२ दूध-दही, अंडी, मांस-मासळीतून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. शेवटच्या पंक्तीला बसून उरलंसुरलं खाणाऱ्या सुनेच्या ताटात दुधाची वाटी किती वेळा येते, हा म्हणूनच विज्ञानाचाही प्रश्न आहे. पण यावरून कुणीही गरोदरपणात फोलिक ॲसिडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीसाठी ती लागते. बी-१२ तपासून घ्यावं, एवढाच याचा अर्थ.

गर्भसंस्काराला एपिजेनेटिक्सने दुजोरा दिला, असं ऐकलं. बरोबर?

आईला पुरेसं अन्न, झोप, तंबाखूपासून सुटका आणि मारहाण-शिवीगाळ नसलेलं घर हवं, यासाठी भक्कम आधार आहे. अमुक श्लोक ऐकल्याने अमुक जनुक उघडतं, याला आधार नाही. गाणं ऐकून आईला बरं वाटत असेल तर तिने जरूर ऐकावं.

मला खरी काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. या विषयाचा वापर बाईला धारेवर धरायला होतो. "तू नीट राहिली नाहीस म्हणून मूल असं झालं." उंदरांच्या प्रयोगांत बापाच्या आहाराचे परिणामही पिल्लांत दिसले आहेत. आणि पुण्याच्या गावांतल्या त्या बायांनी काय खायचं, हे त्या एकट्या कुठे ठरवत होत्या?

एकदा बसलेली खूण पुसता येते का?

पुष्कळदा येते. माँट्रियलमधल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की उंदराची मादी पिल्लांना जास्त चाटते-चोखते तेव्हा त्यांच्या मेंदूतलं ताण आवरणारं एक जनुक कमी मिथाइलचं राहतं आणि ती पिल्लं शांत होतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या मादीकडे वाढवली, तर तीही शांत निघाली. माणसांत धूम्रपानाची खूण रक्तपेशींतल्या मिथाइलवर स्पष्ट दिसते आणि सिगारेट सुटल्यावर ती वर्षानुवर्षं हळूहळू फिकी होत जाते.

घरबसल्या 'एपिजेनेटिक वय' सांगणारी चाचणी करावी का?

स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली डीएनएवरच्या ३५३ जागांवरून वयाचा अंदाज बांधून दाखवला. संशोधनासाठी ते मोलाचं साधन आहे. एका व्यक्तीने त्यावरून औषध किंवा आहार ठरवावा इतकं ते नेमकं नाही. तेवढ्या पैशात रक्तातलं बी-१२, साखर आणि हिमोग्लोबिन तपासा.

हवामान बदलतंय. या यंत्रणेमुळे प्राणी वाचतील का?

कधी वाचतील, कधी हीच यंत्रणा त्यांच्या मुळावर येईल. कासवाचं उदाहरण पाहा. कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाची मादी वाळूत शंभरेक अंडी घालून परत जाते. अंड्यातलं पिल्लू नर की मादी हे जनुकांवरून ठरत नाही, वाळूच्या उबेवरून ठरतं. सागरी कासवांत साधारण २७.७ अंशांखाली नर, ३१ च्या वर माद्या, मध्ये दोन्ही. हे कसं होतं ते २०१८ साली गोड्या पाण्यातल्या लाल कानाच्या कासवात उलगडलं. गारव्यात केडीएम-६बी नावाचं एन्झाइम हिस्टोनांवरची एक खूण काढून टाकतं, नर घडवणारं जनुक उघडतं. ते एन्झाइम दाबलं, तर नर होण्याच्या तापमानालाही बहुतेक पिल्लं माद्या झाली.

हजारो पिढ्या हे उत्तम चाललं. आता वाळू तापते आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडे जन्मलेल्या हिरव्या कासवांची लहान पिल्लं तपासली, तर ९९ टक्के माद्या निघाल्या. खुणा बसवणारी यंत्रणा चोख आहे, तिला मिळणारी बातमीच बदलली आहे, आणि कासवाच्या पिढ्या इतक्या लांब असतात की निवडीला त्यामागे धावायला वेळ मिळत नाही. कोकणातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून अंडी हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या राखीव वाळूत, हलवतात, कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखतात. घरट्यावर सावली धरणं, वाळू शिंपून गार ठेवणं हे उपाय जगात काही ठिकाणी वापरले जात आहेत. पिल्लाचं लिंग अंड्याच्या मुक्कामाच्या मधल्या तिसऱ्या भागात ठरतं, तेव्हा सावली धरायची ती त्या दिवसांत.